बोंड्याची जात

दिवाळी झाली की देवळीच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या ताडपत्रीबाहेर फुगलेल्या असतात. खाली आलेल्या फांद्या त्यांना दोन्ही अंगांनी ओरबाडतात आणि काट्यांवर पांढरे पुंजके अडकून राहतात. तारांवर, दुकानांच्या पाट्यांवर, स्टँडच्या पत्र्यावर तोच कापूस. हवेत सरकीचा तेलकट, जरासा गोड वास. सकाळी कॉलेजला निघताना स्कूटरच्या आरशावर एखादा पुंजका बसलेला दिसला की मौसम लागला असं मी धरते. या वर्षी तो परवा दिसला. तो झटकताना मागच्या वर्षीचे ते चार-पाच आठवडे आठवले. तेव्हा आमच्या घरात रोज संध्याकाळी एकाच प्रश्नावर चर्चा व्हायची, आणि तो सुटत नव्हता म्हणूनच बहुधा माणसं एका जागी बसत होती.

प्रश्न कुत्र्याच्या पिल्लाचा होता.

ते मला जिनिंगच्या फाटकाशी मिळालं. समुद्रपूरकडून आलेली एक पिकअप रिकामी होत होती. मजूर पायांनी कापूस खाली ढकलत होते आणि त्या ढिगातून बारीक आवाज आला. एकानं हात घालून ओढलं तर तळव्याएवढ्या तोंडाचं एक पिल्लू निघालं, नाका-कानांत कापूस भरलेलं. ते गाडीत कुठं चढलं, त्याची आई कोणत्या गावात राहिली, ड्रायव्हरला काही सांगता येईना. मी स्कूटर थांबवून बघत होते, एवढाच माझा गुन्हा.

"म्याडम, नेता का? इथं राह्यलं त ट्रॅक्टरखाली येऊन मरन," ड्रायव्हर म्हणाला.

दोन दिवसांसाठी म्हणून मी ते डिकीवरच्या पिशवीत घालून घरी आणलं. माझी मुलगी रिद्धी, तेव्हा बारा वर्षांची, हिनं ते हातात घेतलं आणि दोन दिवसांची गोष्ट तिथंच संपली. बोंडातून निघाल्यासारखं निघालं म्हणून मी त्याला बोंड्या म्हटलं. रिद्धीला ते नाव पसंत नव्हतं. आधी ते कोणत्या जातीचं आहे ते कळू दे, मग त्याला शोभेल असं खरं नाव ठेवू, असं तिनं जाहीर केलं. तोवर बोंड्या हे तात्पुरतं.

मग गावानं अंदाज सुरू केले. रंग तांबूस, तोंड काजळ लावल्यासारखं काळं, तीन पाय पांढरे, चौथा नाही. एक कान उभा, दुसरा अर्ध्यातून मोडलेला. शेपटी पाठीवर वळलेली. औषधाच्या दुकानवाल्यांनी काळं तोंड बघून जर्मन शेफर्ड ठरवलं. दूध घालणारा म्हणाला, कोल्ह्याचं काहीतरी आहे, डोळे पाहा. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या शेजारी एक पामेरियन होता, म्हणून त्यांच्या मते जगातलं प्रत्येक लहान कुत्रं थोडंफार पामेरियन असतं. माझे यजमान मनीष दुकानातून जेवायला आले की एकदा त्याच्याकडे बघायचे आणि "कुत्रा आहे" एवढंच सांगून ताटावर बसायचे.

"तू तो सायन्सवाली आहेस. तू सांग ना," सासूबाई मला म्हणाल्या.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी साधारण याच दिवसांत येतो: उंच वाटाणा, बुटका वाटाणा, सुरकुतलेला दाणा. फळ्यावर ते फार स्वच्छ दिसतं. पण रंगावरून आणि कानांवरून पिल्लाचं कूळ ओळखता येत नाही. आणि आपल्या गावांतली कुत्री ही कुणा दोन नामांकित जातींची भेसळ नसतातच. ती त्या जातींच्याही आधीची, आपली आपण झालेली. हे मी सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा शेपटीकडे वळले. उत्तर कुणालाच नको होतं, अंदाज हवा होता.

याच सुमारास हिंगणीहून माझ्या भावाचा, गजूचा फोन आला.

हिंगणी माझं माहेर. बोर धरणाच्या वाटेवरचं गाव, आमचं वावर जंगलाला जवळजवळ टेकलेलं. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्ध्याला झालं होतं आणि डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू, तो पुढच्या वर्षी काढायचा होता. "ताई, घरभर कापूस हाय," गजू म्हणाला. "समोरच्या खोलीत, मागच्या खोलीत, छतापोतर. भाव आल्याशिवाय हालत नाई. बाबाले कुठं ठेवू?" थोडा थांबून म्हणाला, "मी त्याईले इचारलं. ते नाई म्हणाले नाईत."

आमच्याकडे याला होकार म्हणतात.

माझ्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. आम्ही शेती करणारे, मनीषचं घर व्यापारी, कापडाचं दुकान, घरात हिंदी. बाबा लग्नाला आले नव्हते. नंतरही देवळीच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. आई गेली तेव्हा आणि गजूच्या लग्नात आम्ही एका मांडवाखाली होतो, बोलणं झालं नाही. रिद्धीला त्यांनी दुरून पाहिलं असेल. भांडण असं काही नव्हतं. भांडणाला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

ते गाडीतून उतरले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. गजू त्यांना धरून आत घेऊन आला. कुठं बसवावं, काय म्हणावं, कुणाला सुचेना. पिल्लू मात्र थेट त्यांच्या चपलेवर जाऊन बसलं.

"हे काय हाय?" बाबांनी विचारलं. घरात आल्यावरचे त्यांचे पहिले शब्द ते.

"कुत्र्याचं पिल्लू," रिद्धी म्हणाली.

"कोन्त्या जातीचं?"

"तेच तर कळत नाहीये, आजोबा."

ते खुर्चीत बसले. चष्म्यामागून त्यांना फिकट आकाराखेरीज काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं आणि हात फिरवायला लागले. आधी डोकं, मग कानांची मुळं, मग जबडा, छाती, पाठीचा कणा एकेक मणी मोजल्यासारखा. सेलूच्या बाजारात बैल घेताना ते असाच हात फिरवायचे. मी लहान असताना त्यांच्या धोतराचा सोगा धरून बाजूला उभी असायचे, आणि विकणारा काय सांगतो याकडे त्यांचं अजिबात लक्ष नसायचं. आता शेवटी त्यांनी पंजे धरले आणि नखं मोजली. मागच्या पायांनाही वरच्या अंगाला एकेक नख होतं.

"वीसनखी हाय," ते म्हणाले. "हे साधं नोय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. वीसनखी हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. पण पिल्लाची कुणी तारीफ करतंय हे कळलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं टाळण्याची एक रीत बसवली. बोलायचं ते पिल्लाशी.

"सुन रे, आजोबांना विचार, चहात साखर चालते का," सासूबाई म्हणायच्या.

"सांग बे, चालते म्हणा," बाबा पिल्लाच्या मानेवर हात ठेवून सांगायचे. "डोये खराब हायेत, दात नाई."

संध्याकाळी सगळे अंगणात बसायचे. त्या दिवसांतलं देवळीचं ऊन कलायला लागलं की लगेच थंड होतं, अंगावरून गोधडी सरकल्यासारखं. रिद्धी मोबाइल घेऊन यायची. फोटो काढला की कुत्र्याची जात सांगणारं एक अॅप तिनं घेतलं होतं. ते सकाळी एक नाव सांगायचं, संध्याकाळी दुसरं, उजेड बदलला की तिसरं. एकदा तिनं मागून सासूबाईंच्या नुकत्याच धुतलेल्या मोकळ्या केसांचा फोटो काढला, तर अॅपनं अफगाण हाउंड म्हणून नाव दिलं. सासूबाई आधी रागावल्या, मग तो कुत्रा कसा दिसतो ते बघायला मागितलं, आणि बघून म्हणाल्या, "केस तो सुंदर आहेत याचे." बाबा टॉवेलात तोंड घालून हसले. मी त्यांना हसताना किती वर्षांनी बघत होते याचा हिशेब मी तेव्हा केला नाही. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, त्या सोलत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात या खेळाला वेगळंच वळण लागलं.

"जाताना मी याले हिंगणीले नेतो," बाबा म्हणाले. "वावराले कुत्रं पाह्यजे. दिवसभर वावरात एकट्याले करमत बी नाई."

रिद्धीचा हात पिल्लाच्या पाठीवर थांबला. वावरातली आधीची दोन कुत्री बिबट्यानं नेली, हे गजूमामानंच तिला सांगितलं होतं. तिनं ते बोलून दाखवलं.

"ते खरं हाय," बाबा म्हणाले. "म्हणून त पाहून राह्यलो ना, हा काय हाय ते. गावठी असन त वास घेऊन हुशार राहीन. लाडाच्या जातीचं असन त नाई टिकाचं. मंग इथंच ठेव."

त्या दिवसापासून अंदाज राहिला नाही, वाद झाला. ज्या पोरीला इतके दिवस काहीही चाललं असतं, ती आता बोंड्या लॅब्राडॉर असल्याचे पुरावे गोळा करायला लागली. तो पाण्यात पाय घालतो. तो खूप खातो. तो कुणावरच भुंकत नाही. बाबा प्रत्येक पुरावा हातानं तपासायचे.

"मायाळू आहे तो, आजोबा. लॅब असेच असतात."

"मायाळू त हाय. पण शेपटी पाह्य ना. आकड्यावानी. अशी शेपटी इकडलीच."

"पण त्याला तिकडे भीती वाटेल."

"इथं राहून का करन तो? दुकानात कापड मोजन?"

सासूबाई तांदूळ निवडता निवडता पिल्लाला म्हणाल्या, "बोल दे बेटा, मोजीन. आमच्या माणसांपेक्षा बरं मोजीन." पण रिद्धी हसली नाही. तिचं तोंड उतरलं होतं. ती पिल्लाला मांडीवर ओढून घेत म्हणाली, "मी जन्मले तेव्हा तुम्ही मला बघायला आला नव्हता. मी कोण आहे ते ठरत नव्हतं म्हणून का?"

मी स्वयंपाकघरात होते. हात ओले होते, ते पुसायचे राहिले. सासूबाईंच्या सुपातला आवाज बंद झाला. ती हे कुठून बोलली ते मला कळलं नाही. आम्ही तिच्यासमोर कधी तो विषय काढला नव्हता. पण घरातल्या न बोललेल्या गोष्टी मुलांना तोंडपाठ असतात.

बाबांनी चष्मा काढला, टॉवेलानं काच पुसली, पुन्हा घातला. काच स्वच्छच होती.

"तुह्यं नव्हतो ठरवत, बाई," ते म्हणाले. "तुह्यं काय ठरवाचं? माह्यंच ठरत नव्हतं."

रिद्धी उठून पिल्लाला घेऊन आत गेली. बाबांना काही बोलावं असं मला वाटलं नाही. वर्गात मुलं चुकीचं उत्तर देतात तेव्हा मी लगेच दुरुस्त करते, बरोबर उत्तर आलं की थांबते. ती सवय असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा अंगणात येऊन बसली. पिल्लू आधी तिच्या मांडीवर होतं, मग त्यांच्या.

त्या आठवड्याच्या शेवटी बोंड्याला रेबीजची लस द्यायला आम्ही गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाबांच्या हातात तो गप्प राहायचा म्हणून तेही आले. पुढं दोन शेळ्या आणि पाय सुजलेला एक गोऱ्हा होता. आमची पाळी आली तसं टेबलामागच्या माणसानं कार्ड ओढलं आणि वर न बघता विचारलं, "मालक?" रिद्धीनं आपलं नाव सांगितलं. "वय?" अंदाजे तीन महिने. "जात?"

आपल्या भाषेत या शब्दाची फार सोय आहे. आंब्याला, बैलाला, कपाशीच्या बियाण्याला, कुत्र्याला आणि माणसाला एकच शब्द पुरतो. लग्नाआधी मी वर्ध्याहून बाबांना फोन केला होता. मनीष नाव आहे, देवळीला दुकान आहे, माणसं चांगली आहेत, एका दमात सगळं सांगून मी थांबले होते. पलीकडून हाच एक शब्द आला होता, याच सुरात, फारसं न रागावता. मी उत्तर दिल्यावर त्यांनी फोन आईकडे दिला होता.

आता ते पिल्लाला छातीशी धरून टेबलासमोर उभे होते. त्यांचं तोंड मला बाजूनं दिसत होतं.

"ते राहू द्या," ते म्हणाले.

"भरावं लागते हो, आजोबा. रकाना हाय."

"मंग तुमीच पाहून लिहा. आमचं नाई झालं महिनाभर."

तो माणूस हसला. त्यानं मान वर करून पिल्लाकडे पाहिलं, कान, तोंड, शेपटी, सगळे बघतात त्याच क्रमानं. मग त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

"नाव?"

रिद्धी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "बोंड्या."

तिनं हरकत घेतली नाही. कार्डावर ते पेनानं लिहिलं गेलं आणि खरं नाव ठेवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

डॉक्टरांनी धुळीत जायला मोकळीक दिली तसा गजू त्यांना न्यायला आला. त्या सकाळी बाबांच्या पिशवीशेजारी दुसरी एक पिशवी ठेवलेली होती. तीत बोंड्याची ताटली, त्याचा फाटका टॉवेल, लसीचं कार्ड. रिद्धीनं ती आपणहून भरली होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. "तुम्हाला तिथे एकट्याला करमत नाही ना," ती म्हणाली.

बाबांचा चष्मा आता साधा होता. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, बऱ्यापैकी वेळ, नव्या डोळ्यानं माणूस बघतो तसं. ताटली बाहेर काढून जमिनीवर ठेवली.

"घरभर कापूस हाय अजून," ते म्हणाले. "हा त्यात हगून ठेवन. मोठा झाल्यावर पाहू."

गजू काहीतरी म्हणणार होता. कापूस आठवड्यापूर्वीच विकला गेला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो गाडी सुरू करायला गेला.

वर्ष गेलं. मधे बाबा दोनदा आले, एकदा उन्हाळ्यात, एकदा राखीला गजूबरोबर. बोंड्या मोठा झाला तसा कुणाच्याच अंदाजासारखा झाला नाही. तोंडाचा काळा रंग फिका पडला, मोडका कानही उभा राहिला, पाय लांब झाले. रस्त्यात चार कुत्र्यांत उभा राहिला तर नवख्याला वेगळा काढता येणार नाही. आता कुणी विचारतही नाही.

या वर्षी फोन गजूनं केला नाही, बाबांनी केला. "रविवारपासून वेचणी लावून राह्यलो. तुमी शनिवारीच या, दोन तासं घरच्या हातानं वेचू," ते म्हणाले. तास म्हणजे कपाशीची ओळ. मी त्यांची मुलगी, मला ते आजवर 'ये' म्हणत आले. हे 'या' कुणाकुणासाठी आहे याचा मी विचार करत होते तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "विहीणबाईले बी आणजो."

काल शनिवार होता. मनीषनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गाडीत मागं सासूबाई, रिद्धी आणि खिडकीतून तोंड काढलेला बोंड्या. हिंगणीच्या वावरात कपाशी पांढरी झाली होती, मधे तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांवर आल्या होत्या, पलीकडे जंगलाची कड. गावची चार-पाच कुत्री धावत आली. बोंड्या शेपटी पोटाखाली घेऊन उभा राहिला. त्यांनी पुढून-मागून त्याला हुंगलं, एक जरा गुरगुरलं, आणि मग ती सावलीत जाऊन बसली.

सासूबाई बांधावर सतरंजी टाकून बसणार होत्या, पण थोड्या वेळानं उठल्या आणि पदर खोचून एका झाडाशी गेल्या. पहिल्याच बोंडाला वाळकं टोक बोटात घुसलं. "हाय राम," म्हणून त्यांनी हात मागं घेतला.

बाबा शेजारच्या तासात होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. जवळ कुत्रं नव्हतं, पोरगी नव्हती, मी लांब होते.

"विहीणबाई, वरून नाई ओढाचं," ते म्हणाले. "खालून बोटं घाला. पाचही. हां, असं."

बोंडातून उलगडून आख्खा कापूस त्यांच्या हातात आला. त्या तो उलटसुलट करून बघत राहिल्या. "बघा," त्या म्हणाल्या, थेट त्यांनाच. "चाळीस साल कापड विकलं आमच्या घरानं, मी कापूस आज तोडला."

"मंग तोडा अजून," बाबा म्हणाले. आणि दोघं शेजारशेजारच्या तासांनी पुढं सरकत गेले. मधूनमधून बोलणं ऐकू यायचं. डाव्या डोळ्याचं, उजव्या डोळ्याच्या पुढच्या महिन्यातल्या ऑपरेशनचं, कुठं राहायचं त्याचं. ते ठरलेलंच दिसत होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. गाडीचं दार उघडलं, बोंड्या आला नाही. तो कापसाच्या गंजीशेजारी बाबांच्या पायाशी पडला होता, अंगभर रुई लागलेली. बाबा त्याला पायानं हलकेच ढकलत होते. "जा बे. जा घरी." तो उठला, गाडीकडं बघितलं, पुन्हा बसला. मी रिद्धीकडं बघितलं. ती त्याला हाक मारेल असं मला वाटलं. तिनं हाक मारली नाही. ती गाडीतून आपलं जॅकेट घेऊन उतरली.

"मी पण राहते, आई," ती म्हणाली. "उद्या रविवारच आहे."

बाबांनी टॉवेल खांद्यावर सारखा केला. गाडी वळवून आम्ही बांधाला लागलो तेव्हा ते काठी टेकत काचेजवळ आले आणि मनीषला थांबायला लावलं.

"कुत्रं रात्री आत घेतो," ते मला म्हणाले. आम्ही कुणी विचारलं नव्हतं. "दार लावतो. मीच लावतो."

रस्त्याला लागल्यावर सासूबाई बराच वेळ साडीला चिकटलेली रुई वेचून तळहातावर गोळा करत होत्या. सेलूच्या पुढं आल्यावर त्या मनीषला म्हणाल्या, "उद्या रिद्धीला आणायला जाशील तेव्हा मला घेऊन जा. माझा तास अर्धा राह्यला आहे."